गोठ्यातली चौथी

रेडिओ गोठ्यात होता. दोन जर्सी गाईंच्या मधल्या खांबाला, खुंटीवर, कातडी पिशवीसकट टांगलेला. आतली बाई गोड आवाजात विचारत होती, "मुलांनो, एका भाकरीचे चार सारखे भाग केले, त्यातले तीन तुम्ही खाल्ले, तर उरला किती?" आणि मुलांच्या जागी त्या दोन गाई कडबा चघळत, कान हलवत उभ्या होत्या. एकीनं तर शेपूट वर करून तिथंच उत्तर दिलं.

भामाबाई दारातच थबकली. खाली चावडीपुढं वाडीतली चौथीची सगळी पोरं कधीची तोंडं धुऊन, डोक्याला तेल चोपडून, पाट्या मांडीवर घेऊन बसली होती. रेडिओ आता येईल, मग येईल, म्हणून वाट बघत होती. आणि इथं हा तमाशा!

"आप्पाऽ! आवो आप्पाऽ!"

आप्पासाहेब म्हणजे कुसळवाडीचे सरपंच. बादली घेऊन ते घरातून आले. धार ते स्वतःच काढत. गड्याला काढू दिली तर तो तांब्याभर दूध पिऊन जाईल, ही धास्ती.

"काय गं भामे, बोंबलाया काय झालं?"

"पोरं चावडीम्होरं बसल्यात कवापासनं. आन रेडिओ हितं?"

"मग कुठं पाहिजे व्हता?"

"सायबानं त्यो पोरांसाठी दिला, का तुमच्या गायांसाठी?"

आप्पांनी बादली खाली ठेवली आणि शहाण्यानं खुळ्याला समजवावं तसा आवाज काढला. "हे बघ. अभ्यासदौऱ्याला गेल्तो मी. तिकडं बागायतदार गोठ्यात रेडिओ लावत्यात. आवाज ऐकला की गाय पान्हावती. लिटरभर दूध वाढतं. शास्त्र हाय त्ये, तुला न्हाई कळायचं."

"मग तुमच्या घरातला लावा की."

"त्यो लावला तं म्हातारी बातम्या कशावर ऐकंन? आन त्याचे सेल कुनी भरायचे? ह्याचे सेल सरकारी हायेत."

घ्या! पोरगा नगरला सावेडीत बंगला बांधून राहिलेला, नातू पार्थ टाय लावून इंग्रजी शाळेत जाणारा, आणि ह्या माणसाचा जीव अडकला कशात, तर सरकारी सेलात. भामाबाईला शिसारी आली. आंधळं दळतंय आन कुत्रं पीठ खातंय म्हणतात, त्यातली गत. पण कुत्र्याला निदान लाज असते, हाड म्हटलं की ते पळतं तरी.

पोरांच्या शाळेचं असं झालं होतं. कुसळवाडी खर्ड्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीला. जमीन अशी की नांगर घातला तर मातीआधी दगड बोलतो. दिवाळी सरली की निम्मी वाडी ऊसतोडीला निघते. शाळा चौथीपर्यंत, एका खोलीची, आणि मास्तर एकच. त्या साली पावसाळा सरता सरता बीडकडं प्लेग आल्याची बोंब उठली आणि मास्तरांनी स्कूटरला लाथ मारली, ती थेट सावेडीत घरापुढं नेऊन उभी केली. प्लेगची बोंब विरली. लोक पुन्हा बाजाराला जायला लागले, लग्नं लागली, तमाशे झाले. मास्तर काही परतले नाहीत. आधी ताप, मग पाठ, मग गुडघा. घरबसल्या पगार खाणाऱ्या माणसाला दुखायला अवयव कमी पडत नाहीत.

मग वरून एक साहेब आला. मास्तर नसलेल्या वाड्यांसाठी रेडिओवर चौथीचे धडे लागणार होते, रोज दिवस कलताना. रेडिओ सरकारचा, पोरं जमवायची गावानं. मार्चात खर्ड्याच्या शाळेत परीक्षा, आणि जो पास होईल त्याचं नाव तिथं पाचवीत. अट एकच. ही पोरं रोज धड्याला बसत होती असं सरपंचानं स्वतः येऊन हेडमास्तरांपुढं सांगायचं.

"पोरं जमवणार कोण?" साहेबानं विचारलं.

सगळ्यांनी भामाबाईकडं बघितलं. ती राखीव जागेवर मेंबर झाली होती. मेंबर म्हणजे काय, तर मीटिंगला दाराजवळ बसायचं, वेगळ्या कपातला चहा प्यायचा आणि सांगतील तिथं हात वर करायचा. पण त्या दिवशी ती पुढं सरकली. तिची नात माधुरी चौथीत होती. माधुरीचे आईबाप ऊसतोडीला जात. पाचवीत नाव लागलं नाही तर पुढच्या हंगामाला माधुरी त्यांच्याबरोबर फडावर जाणार, हे ठरल्यात जमा होतं. भाकरी थापायला, तान्ह्या भावाला सांभाळायला. भामाबाईची स्वतःची शाळा अशीच फडात मुरली होती. पाचटानं चिरलेले हात घेऊन शाळेत परत गेलेली एक पोरगी तिनं उभ्या जन्मात बघितली नव्हती.

"मी जमविते पोरं," ती म्हणाली.

आणि रेडिओ? "जोखमीची वस्तू हाय, माझ्याकडं ऱ्हाऊ द्या," असं म्हणून आप्पांनी तो काखेत मारला.

भामाबाई घरोघर हिंडली. वरच्या आळीत गेली, आपल्या बौद्धवस्तीत गेली, माळावरच्या खोपटांत गेली. लोकांना हे रेडिओचं काही केल्या उमगेना. वरच्या आळीचा सहादेव बैल सोडता सोडता म्हणाला, "रेडिओतली बाई छडी मारती का?"

"न्हाई बा."

"मग पोरगी कशी शिकंन?"

"तू छड्या खाऊन किती शिकला रं सहादेवा?"

सहादेव हसला आणि ज्ञानेश्वरीला पाठवतो म्हणाला. वस्तीतली छबूबाई निराळंच काढून बसली. "माझ्या परवीनला न्हाई समजलं तं त्यानं इचारायचं कुनाला? रेडिओला?"

"एकमेकाला इचारायचं. मला इचारायचं. बाई म्हनली लिवा, की लिवायचं. बाईनं काय इचारलं की समद्यांनी मोठ्यांदी सांगायचं."

"पर तिला कुठं ऐकू जातंय?"

"तिला न जाऊ दे. आपल्याला तं ऐकू जातंय ना? वरडून सांगितल्यालं डोक्यात ऱ्हातं."

एवढं सगळं करून पोरं चावडीपुढं आणली, आणि पहिल्याच दिवशी रेडिओ हा असा गाईंच्या सेवेला लागलेला. भामाबाईनं आप्पांशी तोंड वाजवलं, साहेबाचं नाव काढलं. शेवटी आप्पा म्हणाले, "मग पोरंच हिकडं आन की. गोठा पत्र्याचा हाय. तुमच्या घरांपरीस बरा."

"वसरीवर बसू द्या. रेडिओ गोठ्यातनं ऐकू येतोय."

तेवढ्यात आतून आप्पांच्या बायकोचा, गोजरबाईचा आवाज आला. "वसरीवर नगं हं! माझे देव हायेत तिथं."

भामाबाईनं ओसरीकडं बघितलं. ओसरीवर कांद्याच्या गोण्या होत्या, खताची पोती होती, एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. देवांना ह्या कशाचीच अडचण नव्हती.

संध्याकाळी वस्तीत तिच्या दिरानं, सोपाननं, तिला धरलं. सोपान विहारात वंदना घ्यायचा, त्याच्या शब्दाला वस्तीत मान.

"वैनी, आपल्या आज्यानं मेलेली ढोरं वढायची सोडली. त्यापायी मार खाल्ला, गावानं पानी तोडलं, तरी सोडली. आन तू पोरं जित्या ढोरांखाली बसवती?"

"शिकाया बसवते, भावजी."

"गोठ्यात?"

"तुमच्या घरात रेडिओ हाय? माझ्या हाय? मार्चापस्तवर नाक दाबून बसत्याल. एकदा पाचवीत गेली की त्या गोठ्याकडं ढुंकून बघनार न्हाईत."

"आप्पा फुकट काय देत न्हाई वैनी. त्याच्या दारातलं कुत्रं सुद्दा फुकट भुंकत न्हाई."

भामाबाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण माधुरी चुलीपुढं बसून बोटं मोजत होती, भाकरीच्या चार भागांतला एक, एक छेद चार, आणि स्वतःशीच हसत होती. ते हसू बघून भामाबाईनं सोपानचं बोलणं कानाआड टाकलं.

पहिले काही दिवस ती पोरांबरोबर गोठ्यात बसली. वास असा की पदर नाकाला लावूनही घशात उतरायचा. माश्या पोरांच्या डोळ्यांवर, ओठांवर. गाय मुतली की शिंतोडे पाट्यांवर उडायचे, पोरं हातानं पुसायची आणि पुढं लिहायची. पण शिकत होती. बाईनं विचारलं की सगळी एका सुरात ओरडायची, गोठा दणाणून जायचा. धडा संपला की पाढे म्हणायची. आप्पा कासेखाली बसून धार काढायचे आणि बादलीत दूध चढताना बघून मिशीत हसायचे. दूध वाढलं होतं म्हणे. शास्त्र!

मग ज्वारी हुरड्यात आली. भामाबाई पाखरं राखायला मळ्यात जायला लागली, ती अंधार पडल्यावर घरी यायची. "आप्पा म्हनतील तसं ऐका," असं पोरांना बजावून गेली. "रेडिओ गेला तं शाळा गेली, ध्यानात ठिवा."

संक्रांत झाली. एक दिवस मालकानं राखण लवकर उठवली आणि भामाबाई उन्हं असतानाच वाडीत आली. मळ्यातून थोडे हुरड्याचे दाणे मागून आणले होते पदरात, पोरांना द्यावे म्हणून वळली गोठ्याकडं.

दारात तिला माधुरी भेटली. डोक्यावर शेणाचं टोपलं. टोपल्यातून मूत गळून कपाळावरून नाकाशी आलेलं. दोन्ही हात टोपल्याला, त्यामुळं पुसता येईना, म्हणून पोरगी ओठ घट्ट मिटून उकिरड्याकडं चाललेली. मागं गोठ्यात छबूबाईचा प्रवीण खराटा मारत होता. वस्तीतलाच भीमराज गुडघ्याएवढ्या चिखलात उभा राहून गव्हाण साफ करत होता. आणि रेडिओतली बाई म्हणत होती, "मुलांनो, आता सुंदर अक्षरात वहीत लिहा."

लिहीतही होती की पोरं. कोरड्या गोणपाटावर, रेडिओच्या बरोबर खाली, ज्ञानेश्वरी आणि वरच्या आळीची बाकीची पोरं माना घालून लिहीत होती. अर्धी चौथी लिहीत होती, अर्धी चौथी शेण काढत होती. आणि कोण कुठल्या अर्ध्यात, हे वाडीत कुणाला सांगायची गरज नव्हती.

"आप्पा!"

आप्पांनी धार काढता काढता मान वळवली. "काय झालं?"

"ह्ये काय हाय?"

"फुकट शिकत्यात. जरा हात हालवला तं काय झिजत्यात का? रंगुबाईला काढून टाकली मी शेणावरनं. तिची नुसती कटकट."

"आन ही?" भामाबाईनं गोणपाटाकडं बोट केलं. "ह्येंचे हात न्हाई हालत?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. खरंच नाही कळला. ते सरळ म्हणाले, "आता त्यांना कसं सांगायचं? त्यांचे बाप काय म्हनत्याल?"

ऐकलंत? शरमेनं नाही, रागानं नाही. पाऊस वरून खाली पडतो हे सांगावं तसं सांगितलं. शेणाची भामाबाईला कधीच किळस नव्हती. शेणानं ती जन्मभर सारवत आली होती. किळस आली ती ह्या माणसाच्या तोंडाची, तिच्यासमोर बसून धारा काढणाऱ्या त्या धुतलेल्या हातांची. ती बाजूला वळून थुंकली.

माधुरी रिकामं टोपलं घेऊन परत आली होती.

"कवापासनं चाललंय गं?"

"तू राखनीला जाया लागली तवापासनं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तूच म्हनली ना आजी, रेडिओ गेला तं शाळा गेली."

भामाबाई सरळ गाईंच्या मधून गेली, एका गाईला कोपरानं ढकललं आणि खुंटीवरून रेडिओ काढला. बंदही केला नाही. पिशवीचा पट्टा गळ्यात अडकवला.

"भामे! सरकारी वस्तू हाय ती! चोरीची केस करीन!"

"करा. फौजदाराला म्हनावं, रेडिओ कुठं लटकला हुता आन कुनाम्होरं वाजत हुता, त्ये आधी इचार. चला रं पोरांनो. पाट्या घ्या. टोपली ऱ्हाऊ द्या हितं."

"बघतो मी पोरं पाचवीत कशी जात्यात!" आप्पा बादली हातात घेऊन गोठ्याच्या दारात आले. "खर्ड्याला कोन येतंय बघतो! एक बी पोरगं बसलं न्हाई म्हनून सांगंन!"

चोर तो चोर आन वर शिरजोर. भामाबाई वाडीच्या मधल्या रस्त्यानं चालली, मारुतीच्या पारापुढून, चावडीपुढून. गळ्यात रेडिओ, मागं शेणानं भरलेली पोरं. रेडिओतली बाई गोदावरी नदीचा उगम कुठं होतो ते सांगत होती. पारावरची माणसं बोलायची थांबली. एकानंही, भामाबाई काय झालं, असं विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. उकिरड्यावर जाणारी पोरं रोज त्याच रस्त्यानं जात होती की!

वस्तीतल्या विहाराची खोली लहान, वर पत्रे, समोर कडुलिंब. सोपाननं भिंतीत खिळा ठोकला आणि रेडिओ टांगला. "मी म्हनलो हुतो," असं तो बोलला असता तर भामाबाईनं त्याचं डोकं फोडलं असतं. तो बोलला नाही. पोरांना आंघोळीला पाणी तापवायला गेला.

दोन दिवस फक्त वस्तीतली पोरं बसली. तिसऱ्या दिवशी सहादेव ज्ञानेश्वरीला घेऊन आला. "घरी रडती. मला धडा पाहिजे म्हनती," तो म्हणाला आणि बाहेर दगडावर टेकला. आत ये म्हटलं तर नको म्हणाला, पाणी विचारलं तर तहान नाही म्हणाला. पोरगी मात्र आत जाऊन माधुरीला खेटून बसली. मग हळूहळू वरच्या आळीची बाकीची पोरं आली. पण भामाबाईच्या जिवाला घोर होता. धडे होत होते, पाढे होत होते. आप्पा खर्ड्याला आले नाहीत तर त्या सगळ्याची माती.

इकडं आप्पांच्या गोठ्यात भलतंच सुरू झालं. गाईंनी पान्हा चोरला. आप्पा कासेला हात लावायचे आणि गाय लाथ झाडायची. आंबोण ठेवलं, गूळ दिला, देवऋषी झाला, खर्ड्याचा डॉक्टर सुई टोचून गेला. शेवटी जिवावर आलं तरी आप्पांनी घरातला रेडिओ गोठ्यात आणला, स्वतःच्या पदरचे सेल घालून. गाणी लावली. बातम्या लावल्या. कीर्तन लावलं. गाई आपल्या ढिम्म. संध्याकाळ झाली की माना वर करून दाराकडं बघायच्या आणि हंबरायच्या.

मग एक दिवस गोजरबाई वस्तीत आली. लग्न होऊन वाडीत आल्यापासून पहिल्यांदा. पदर सावरत, पायाखालची जमीन बघत बघत.

"भामाबाई, पोरं पाठव गं."

भामाबाईचं ‘भामे’ जाऊन भामाबाई झालं होतं. "कशापायी?"

"गाया धार देईनात. रेडिओचं न्हाई त्ये, पोरांचं हाय. पोरांचा गिल्ला लागतो त्यांना. पाढे म्हनायची न्हाई का समदी मिळून, त्यो. त्याबिगर पान्हावत न्हाईत." ती थांबली. "मी वसरीवर बसविते पोरांना. सतरंजी टाकते."

"आन देव?"

"देवांचं मी बघते."

भामाबाईला हसावं का ओकावं कळेना. पोरांच्या पायानं बाटणारी ओसरी गाईच्या सडाखातर एका रात्रीत पवित्र झाली होती. देवसुद्धा लिटरवर मोजले ह्यांनी!

"बाई, पोरं कुठं जानार न्हाईत," ती म्हणाली. "शाळा हितं हाय. ज्याला गरज त्यानं हितं यावं. गाया हिकडं धाडा."

"हिकडं? वस्तीत?"

"व्हय. ह्या लिंबाला बांधा. आन आप्पांना सांगा, मार्चात खर्ड्याला यायचं, पोरं बसत हुती म्हनून सांगायचं. येनार असले तं गाया आना. न्हाई तं दूध आटू द्या."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना आप्पासाहेब आले. अडला हरी म्हणतात तो हा. दोन गाई स्वतःच दाव्याला धरून, गड्याला न आणता, कारण गड्यानं वरच्या आळीत सांगितलं असतं. टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. गाई लिंबाला बांधल्या आणि आतून पोरांनी सुरुवात केली, बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. बारा चोकपर्यंत गाईंनी कान टवकारले. आप्पा खाली बसले आणि दुधाची धार बादलीत वाजली. पोरांनी ती ऐकली, एकमेकांकडं बघितलं आणि आवाज आणखी चढवला.

मग एका गाईनं शेपूट उचललं, अगदी विहाराच्या पायरीशी. आप्पांनी सवयीनं आत बघितलं. प्रवीण अर्धवट उठलाही. भामाबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"ज्याची गाय त्याचं शेन, आप्पा."

सोपाननं टोपलं आणून आप्पांपुढं ठेवलं. आप्पांनी चारी बाजूला नजर टाकली. सहादेव दगडावर बसला होता, त्यानं नजर चुकवली. आप्पांनी दोन्ही हातांनी शेण उचललं, टोपल्यात घातलं आणि टोपलं उचलून बाहेर नेलं. पोरं पाढा विसरून बघत राहिली. ह्यानंतर रोज ते यायचे, रोज उचलायचे. तेच दूध डेअरीत जायचं, तेच त्यांच्या घरी देवाला नैवेद्याला जायचं. ते कुठं पिळलं होतं हे आप्पांनी वरच्या आळीत कुणाला सांगितलं नाही.

मार्चात पोरांनी खर्ड्याला जाऊन परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी भामाबाई आणि सोपान पोरांना घेऊन गेले. पोरं पास होती, सगळी. हेडमास्तर नावं घालायला रजिस्टर उघडून बसले आणि सरपंचांची वाट बघू लागले. आप्पा आले. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. खुर्चीवर बसले आणि कुणी विचारायच्या आत सुरू झाले.

"गुर्जी, ह्या पोरांसाठी म्या काय केलं न्हाई! मास्तर पळून गेल्याला. म्हनलं, गरिबांची लेकरं हायेत, वाऱ्यावर कशी सोडायची? माझ्या सोताच्या घरी रेडिओ ठिवला, माझ्या जागेत पोरं बसविली. माझी जनावरं उपाशी ऱ्हायली, पर पोरांचा धडा चुकू दिला न्हाई. जातपात मी बघत न्हाई. रोज बसत हुती समदी, माझ्या डोळ्याम्होरं."

आयत्या बिळावर नागोबा! सोपान उठायला लागला. भामाबाईनं त्याचा सदरा मागून धरला.

"असे सरपंच पाहिजेत," हेडमास्तर भारावून म्हणाले. "आप्पासाहेब, येत्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करू आम्ही." त्यांनी शिपायाला चहा सांगितला. खुर्च्या दोनच होत्या. भामाबाई भिंतीशी उभी होती.

तिचं तोंड कडू झालं होतं. पण तिची नजर आप्पांवर नव्हती. ती हेडमास्तरांच्या पेनावर होती. पेन हळू चालत होतं. ज्ञानेश्वरी झाली. भीमराज झाला. प्रवीण झाला. मध्येच चहा आला, पेन बाजूला पडलं. आप्पा बशीत चहा ओतून आपल्या त्यागाची आणखी एक गोष्ट सांगायला लागले, आणि भामाबाई तशीच दात आवळून उभी राहिली. सोपान कानाशी कुजबुजला, "वैनी, किती गिळशील?"

"थांबा जरा."

हेडमास्तरांनी पेन उचललं. माधुरीचं नाव लिहिलं, तिच्या बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं. रजिस्टर मिटलं.

"झाली का गुर्जी समदी नावं?"

"झाली बाई."

"आता कुनी खोडाया सांगितलं तरी खोडत न्हाई ना?"

"छे हो! एकदा नोंद झाली की झाली. का?"

भामाबाई भिंतीपासून निघून टेबलापाशी आली. माधुरीचा हात तिनं हातात घेतला होता.

"मग आता मी सांगते, पोरं कुठं बसली हुती आन काय करत हुती त्ये."

आप्पांची बशी ओठांशीच राहिली. "भामे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ही काय जागा हाय का असलं बोलायची?"

"व्हय आप्पा," भामाबाई म्हणाली. "हीच जागा हाय."

आणि तिनं पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.